मुलांचं कोडिंग: फुकट काय, विकत काय

मुलाला प्रोग्रॅमिंग शिकवायला जे सॉफ्टवेअर लागतं, त्याची किंमत शून्य रुपये आहे. स्क्रॅच फुकट, पायथन फुकट, आयसीएसईच्या मुलांना जावासाठी लागणारं ब्लूजेही फुकट. पैसे लागतात ते दोनच गोष्टींना: शिकवणाऱ्या माणसाच्या वेळेला आणि घरात नसेल तर कॉम्प्युटरला. बिलात याखेरीज 'प्लॅटफॉर्म फी', 'करिक्युलम फी', 'सर्टिफिकेशन', 'लायसन्स' असं काही दिसलं, तर त्या ओळीवर बोट ठेवून विचारा, हे कशाचे? बंगळुरूत हा प्रश्न विचारायची वेळ जरा जास्तच येते. इथे सोसायटीच्या लिफ्टमध्ये, शाळेच्या गेटवर आणि वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टच्या पिशवीतसुद्धा कोडिंग क्लासचं कुपन निघतं.

आधी शाळेत विचारा

कदाचित तुम्ही या शिक्षणाचे पैसे आधीच भरताय. सीबीएसईच्या शाळेला सहावी ते आठवीत कोडिंगचं बारा तासांचं कौशल्य मॉड्यूल घेता येतं. नववी-दहावीत इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी (विषय क्रमांक ४०२) किंवा आर्टिफिशियल इंटेलिजन्स (४१७) घेता येतं. अकरावीत कॉम्प्युटर सायन्स (०८३) घेतलं की पायथन सुरू होतं, आणि तेही अगदी पहिल्या पायरीपासून. म्हणजे 'दहावीच्या आत आलं नाही तर अकरावीत मागे पडेल' ही भीती घालणाऱ्याला अभ्यासक्रम उघडून दाखवा. आयसीएसईत नववी-दहावीला कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स घेतलं तर जावा असतं.

सध्या विकणाऱ्यांच्या तोंडी नवं वाक्य आहे: "आता तिसरीपासून कंपल्सरी होतंय." शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणि संगणकीय विचारपद्धती अभ्यासक्रमात आणायचं जाहीर केलं आहे, हे खरं. पण जे शाळेत शिकवलं जाणार, त्यासाठी बाहेर वेगळे पैसे का भरायचे, याचं उत्तर त्या वाक्यात नाही.

शाळेच्या ऑफिसात नाही, कॉम्प्युटर शिकवणाऱ्या शिक्षकांना भेटा. पालक सभेच्या दिवशी दहा मिनिटं पुरतात. विचारायचं एवढंच: आठवड्याला प्रत्यक्ष लॅबमध्ये किती तास, एका मशीनवर किती मुलं, शिकवणारे शाळेचे की बाहेरच्या कंपनीचे, आणि वर्षभरात मूल स्वतःचं काय बनवतं. एका मशीनवर तीन मुलं असतील तर माउस एकाच्या हातात असतो आणि तो हात बहुधा तुमच्या मुलाचा नसतो. सीबीएसईच्या शाळेला स्वतःच्या वेबसाइटवर 'मॅंडेटरी पब्लिक डिस्क्लोजर' नावाचं पान ठेवावं लागतं. त्यात फीची रचना असते, शिक्षकांची संख्या असते आणि कॉम्प्युटर लॅब किती व किती चौरस मीटरच्या, हेही असतं. प्रवेशाच्या वेळी दाखवलेल्या चकचकीत पुस्तिकेपेक्षा हे पान जास्त खरं बोलतं.

शाळा सुटल्यावर शाळेतच बाहेरच्या कंपनीचा कोडिंग किंवा रोबोटिक्सचा वर्ग भरत असेल, तर परिपत्रक नीट वाचा. 'ऐच्छिक' हा शब्द त्यात आहे का? नसेल तर ईमेल करून लेखी विचारा. उत्तर बहुतेक वेळा 'ऐच्छिक आहे' असंच येतं, फक्त कोणी विचारलेलं नसतं. पैसे शाळेच्या पावतीवर घेतात की कंपनीच्या, तेही बघा. शाळा स्वतः विद्यार्थ्यांना देते त्या शिक्षणावर जीएसटी नाही. कंपनी थेट तुमच्याकडून घेते त्यावर १८ टक्के आहे.

शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का, हे विचारायला विसरू नका. नीती आयोगाच्या या योजनेत निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं: दहा लाख उभारणीला, दहा लाख पुढच्या पाच वर्षांच्या चालवण्याला. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आर्डुइनो, सेन्सर, थ्रीडी प्रिंटर हे सगळं तिथे असायला हवं. काही शाळांत या खोलीला कुलूप असतं आणि चावी उपमुख्याध्यापकांकडे असते. चार पालकांनी मिळून अर्ज दिला की आठवड्यातला एक तास निघू शकतो. हे तुमच्या हक्काचं आहे आणि बाहेरच्या सेंटरच्या महिन्याच्या फीपेक्षा कितीतरी स्वस्त.

शून्य रुपयांत किती जमतं

पुष्कळ जमतं. पाच ते सात वर्षांच्या मुलासाठी स्क्रॅचज्युनियर, टॅबवर चालतं, अक्षरं वाचता न येणाऱ्यालाही चालतं. या वयाला पैसे देऊन क्लास लावू नका, एवढं माझं स्पष्ट मत. आठ वर्षांपुढे स्क्रॅच. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालेलं, २००७ पासून सगळ्यांसाठी खुलं. ब्राउझरमध्ये चालतं, इंटरनेट नसेल तर उतरवून घेता येतं, खातं न उघडताही वापरता येतं. बाजारातल्या पुष्कळ महागड्या 'बिगिनर' कोर्समध्ये पहिले काही महिने हेच किंवा याच्यासारखंच काहीतरी असतं; फक्त वर कंपनीचा लोगो असतो. कोड डॉट ऑर्गचे धडे क्रमवार आहेत, घरी कोणाला शिकवता येत नसेल तर तिथून सुरुवात करा. अकरा-बारा वर्षांपुढे टंकलेखन जमू लागलं की पायथन. थॉनी नावाचा साधा, फुकट एडिटर घ्या, मुलांना चुका दिसायला सोपं जातं.

मराठीतून हवं असेल तर दोन ठिकाणं. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प: दहा-बारा मिनिटांचे ध्वनिचित्र धडे, मराठी आणि कन्नडसह अनेक भारतीय भाषांत. प्रत्येक विषय प्रत्येक भाषेत नसतो, म्हणून आधी भाषा निवडा आणि मग यादी बघा. दुसरं, एसीएम इंडियाने २०१६ मध्ये सुरू केलेली सीएसपाठशाला. हे साहित्य शिक्षकांसाठी आहे, पहिलीपासून वर्गात कॉम्प्युटरशिवायसुद्धा कसं शिकवायचं याचे पाठ त्यात आहेत. लिंक मुलाच्या शिक्षकांना पाठवा. याच लोकांतर्फे भारतात बेब्रास चॅलेंज होतं. मूळ लिथुआनियात २००४ मध्ये निघालेली ही कोड्यांची स्पर्धा, फी नाही, आधी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. नाव शाळेमार्फत नोंदवावं लागतं, म्हणून दिवाळीची वाट न बघता सप्टेंबरातच शिक्षकांच्या कानावर घाला. 'ऑलिम्पियाड' नावाच्या ज्या परीक्षा शाळेच्या डायरीतून फी घेऊन येतात, त्यांच्याआधी ही द्या.

दोघंही नोकरीला, संध्याकाळी आठला घरी, आउटर रिंग रोडवरून जीव मेटाकुटीला आलेला, अशी तुमची स्थिती असेल तर 'फुकट' सगळं वाया जाऊ शकतं, हे मान्य. मुलाशेजारी अर्धा तास बसणारं माणूस लागतंच. तेवढ्याचेच पैसे द्यायचे आहेत, हे लक्षात ठेवून बाजारात उतरा.

क्लासचा भाव: तासावर आणा, मग बोला

बंगळुरूत साधारण तीन प्रकार आहेत. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये किंवा कोणाच्या घरी सात-आठ मुलांचा वर्ग: महिन्याला ढोबळमानाने दीड ते तीन हजार. एचएसआर, व्हाइटफील्ड, जयनगरसारख्या भागांतली सेंटरं, यात बहुधा रोबोटिक्स जोडलेलं: तीन ते सहा हजार. आणि ऑनलाइन, एकास एक: क्लासला चारशेपासून नऊशेपर्यंत. आकडे मागे-पुढे होतील. तुलना करायची ती महिन्याची नाही, पॅकेजची तर नाहीच. प्रत्यक्ष मिळालेल्या एका तासाची करा.

उदाहरण घ्या. ९६ क्लास, ५७,६०० रुपये. विकणारा म्हणतो, क्लासला फक्त सहाशे. त्यावर १८ टक्के जीएसटी १०,३६८, एकूण ६७,९६८. झाले क्लासला ७०८. आता बारीक अक्षरात लिहिलंय: वैधता बारा महिने. घटक चाचण्या, सहामाही, दसऱ्याची सुट्टी, एप्रिल-मेमध्ये कोल्हापूर-नागपूर, मधे एकदा व्हायरल ताप. मूल ९६ पैकी ७० क्लासला बसलं तर खरा भाव ९७१ रुपये. 'क्लास' तासाचा की चाळीस मिनिटांचा, तेही विचारा.

जीएसटीबद्दल आणखी दोन ओळी. 'प्लस जीएसटी' म्हणणाऱ्याकडून जीएसटी क्रमांक मागा. पंधरा अक्षर-अंकांचा असतो, कर्नाटकातला २९ ने सुरू होतो, महाराष्ट्रातला २७ ने. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावाची आणि चालू आहे की रद्द, मिनिटात कळतं. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही; मग अशा घरगुती क्लासने जीएसटी लावायचाही प्रश्न नाही. क्रमांक न देता कर घेणाऱ्याला तो कर देऊ नका. आणि 'ही फी ८०सी मध्ये दाखवता येते' असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. ती सवलत शाळा-कॉलेजच्या पूर्णवेळ शिक्षणाच्या ट्यूशन फीला आहे, खासगी क्लासला नाही. आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर तीही नाही.

बिलात नसलेला खर्च रस्त्यावर आहे. शहरात रिक्षाचा ठरलेला दर ऑगस्ट २०२५ पासून पहिल्या दोन किलोमीटरला ३६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १८. चार किलोमीटरवरच्या सेंटरला एका वेळचे ७२, जाऊन-येऊन १४४, महिन्यात आठ क्लास म्हणजे ११५२. तेही रिक्षावाल्याने मीटर टाकला तर. ॲपवर, पावसात, संध्याकाळी सहाला काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. सोसायटीतला वर्ग शंभर-दोनशेने महाग असला तरी स्वस्त पडतो.

डेमो क्लास: काय बघायचं

डेमो फुकट असतो आणि छान होतो. तसाच बेतलेला असतो. पडद्यावर अर्धा-पाऊण प्रोजेक्ट आधीच तयार असतो. मूल तीन-चार ठोकळे ओढून जोडतं, मांजर उडी मारतं, टाळ्या. पाचव्या मिनिटाला तुमच्या मुलाचं नाव छापलेलं प्रमाणपत्र येतं. मग शिक्षिका निघून जातात आणि 'काउन्सेलर' येतो. त्याने आधीच फोनवर सांगून ठेवलेलं असतं की आई-बाबा दोघंही हजर राहा. का? 'घरी विचारून सांगतो' ही वाट बंद व्हावी म्हणून.

यावर उपाय सोपा आहे. डेमो संपताना शिक्षिकेला थांबवा आणि म्हणा, "मॅडम, हाच खेळ कोऱ्या पानावरून परत करून घ्याल का?" किंवा एक ठोकळा काढून टाकायला सांगा आणि बघा पुढे काय होतं. चांगली शिक्षिका मुलाला विचारते, 'तुला काय वाटतं, का बिघडलं?' आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसते. विकायला बसलेली स्वतःच माउस हातात घेऊन दुरुस्त करते. प्रोग्रॅमिंग शिकणं म्हणजे बरंचसं या बिघाडाशी झगडणं. तिथे कोणी घाई केली तर शिकायचं राहूनच जातं. मग काउन्सेलरला विचारा, आज जी शिक्षिका होती तीच रोज असणार का? उत्तर लेखी मागा.

"सर, ही ऑफर आज रात्री बारापर्यंतच." हे खोटं घाईचं तंत्र आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या अशा तेरा तऱ्हांची यादी काढून त्यांना मनाई केली: खोटी घाई, न विचारता बास्केटमध्ये सरकवलेली वस्तू, शेवटच्या पानावर वाढणारी किंमत, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं, वर्गणीतून बाहेर पडू न देणं. 'मुलाच्या भविष्यापेक्षा पैसे मोठे का?' हा प्रश्न त्यातल्याच एका तऱ्हेत बसतो. स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि डेमोचा फॉर्म भरताना नेहमीचा मोबाइल नंबर देऊ नका. एकदा दिलात की पुढचे सहा महिने फोन थांबत नाहीत. १९०९ वर डीएनडी नोंदवणं तेवढंच हातात राहतं.

जाहिरातीतल्या बालप्रतिभांबद्दल एकच आठवण पुरे. २०२० मध्ये व्हाइटहॅट ज्युनियरच्या जाहिरातींत वुल्फ गुप्ता नावाचा मुलगा कोट्यवधींची नोकरी मिळवताना दिसायचा. तो मुलगा अस्तित्वातच नव्हता. जाहिरात मानक परिषदेने सांगितल्यावर पाच जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. त्याच वर्षी ती कंपनी बंगळुरूच्या बायजूजने ३० कोटी डॉलरला घेतली आणि जुलै २०२४ मध्ये बायजूजवरच इथल्या कंपनी लवादात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. अशा वेळी आगाऊ फी भरलेला पालक घेणेकऱ्यांच्या रांगेत बँकांच्या पुष्कळ मागे उभा असतो. कंपनी कितीही मोठी असली तरी तीन महिन्यांपेक्षा जास्त पैसे एका वेळी देऊ नका. दोन वर्षांचं पॅकेज कितीही स्वस्त असो, नको. बंगळुरूतल्या मराठी घरांना हे दुप्पट लागू आहे: आज व्हाइटफील्ड, पुढच्या जूनला हिंजवडी. सेंटरची वर्गणी तुमच्याबरोबर पुण्याला येत नाही, आणि शाळेचं बोर्ड बदललं तर पायथनच्या जागी जावा येऊ शकतं.

'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे कर्ज

सगळ्यात जास्त घरं इथे फसतात. काउन्सेलर म्हणतो, महिन्याला फक्त ५,६६४. तुम्हाला वाटतं महिन्याची फी आहे, आवडलं नाही तर बंद करू. प्रत्यक्षात तुमच्या नावावर एखाद्या बिगरबँक वित्त कंपनीचं ६७,९६८ रुपयांचं कर्ज निघतं, पैसे क्लासला एकरकमी पोचतात आणि पुढचे बारा हप्ते तुम्ही फेडता. मूल तिसऱ्या क्लासला बसायला तयार नसलं तरी फेडता.

ओळखायचं कसं? पॅन, आधार, सेल्फी, बँकेचं स्टेटमेंट यांपैकी काही मागितलं, किंवा एका ओटीपीने 'ई-मॅंडेट' झालं, की ते कर्ज आहे. क्लासच्या फीला पॅन लागत नाही. काउन्सेलरला स्क्रीन शेअर करून त्याच्या सांगण्यावरून बटणं दाबू नका. ओटीपीचा संदेश पूर्ण वाचा, त्यात कोणाचं नाव आहे ते बघा.

कर्ज घ्यायचंच असेल तर सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते द्यावंच लागतं. त्यात वार्षिक खर्चाचा खरा दर, सगळी शुल्कं आणि वसुली कोण करणार ते एका जागी असतं. त्याच कागदात 'कूलिंग ऑफ'ची मुदत लिहिलेली असते, किमान एक दिवस. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत करून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मुदत लहान असते, म्हणून रात्री सही केलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा विचार करा आणि बाहेर पडायचं असेल तर क्लासला नाही, कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी कळवा.

'नो कॉस्ट' खरंच आहे का, हे तपासायला एक प्रश्न पुरतो: "आज रोख एकरकमी दिले तर किती?" उत्तर आठ हजारांनी कमी आलं, तर ते आठ हजार म्हणजे व्याज. क्रेडिट कार्डावर ईएमआय केलात तर प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा लागू शकतो. तो क्लासच्या बिलात नाही, कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये उगवतो.

महिन्याच्या वर्गणीसाठी यूपीआय ऑटोपे दिलं असेल तर ते थांबवणं सोपं आहे. पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी संदेश यायला हवा, आणि ॲपमधल्या मॅंडेटच्या यादीत जाऊन ते तुम्ही स्वतः रद्द करू शकता. कर्जाच्या हप्त्याचं मात्र तसं करू नका. बँकेला सांगून नुसता हप्ता थांबवलात तर कर्ज तसंच राहतं, दंड चढतो आणि सिबिलचा आकडा घसरतो, मग घराच्या कर्जाच्या वेळी हे कोडिंग आठवतं. आधी क्लासकडून लेखी रद्दीकरण, त्याची प्रत वित्त कंपनीला, कर्ज बंद झाल्याचं पत्र हातात, आणि मगच सुटका. वित्त कंपनीने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, चौकशीसाठी १४४४८.

कॉम्प्युटर आणि किट: एस. पी. रोड

क्लासवाल्याकडून लॅपटॉप घेऊ नका आणि किट तर मुळीच घेऊ नका. दोन्हीसाठी बंगळुरूत सदर पत्रप्पा रोड आहे, सगळे एस. पी. रोड म्हणतात. ग्रीन लाइनवरच्या चिकपेट मेट्रो स्टेशनवरून चालत जा. गाडी नेलीत तर पार्किंग शोधण्यात सकाळ जाईल. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास गेलात तर बरं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

स्क्रॅच आणि पायथनला फार ताकदीचं मशीन लागत नाही. कंपन्यांनी काढून टाकलेले जुने लॅटिट्यूड, थिंकपॅड इथे ओळीने लावलेले असतात. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेलं मशीन साधारण बारा ते वीस हजारांत मिळतं. एक गोम लक्षात ठेवा. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीची मशीनं स्वस्त सांगतात. दुकानदार 'इलेव्हन टाकून देतो' म्हणेल. ते कसं टाकलंय हे विचारा आणि चोरीचं असेल तर नको म्हणा. जुनं मशीन घेऊन त्यावर उबंटू किंवा मिंट टाका: फुकट, हलकं, मुलांच्या कामाला पुरून उरतं.

पैसे देण्याआधी दुकानातच चार्जर काढून पंधरा मिनिटं बॅटरीवर चालवा. प्रत्येक की दाबून बघा, खास करून स्पेस, एंटर आणि कंसाच्या कळा. कॅमेरा, वायफाय, यूएसबीची सगळी भोकं तपासा. बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, हे समोर उघडून दाखवायला सांगा. बिल जीएसटीसह, त्यावर मशीनचा सिरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने हाताने लिहून घ्या. बिलाशिवाय हजार रुपये कमी करतो म्हणाला तर ते हजार द्या, बिल घ्या.

रोबोटिक्सच्या किटचा खोका सेंटरमध्ये चार-पाच हजारांना मिळतो. उघडून बघा: आर्डुइनो उनोची नक्कल, ब्रेडबोर्ड, तारा, एलईडी, दोन-तीन सेन्सर, एक छोटी मोटर. हेच सुटे भाग एस. पी. रोडवर यादी देऊन घेतले तर हजार-दीड हजारात बसतात. नक्कल बोर्ड घेताना त्यावर सीएच३४० चिप आहे का विचारा. असेल तर विंडोजवर वेगळा ड्रायव्हर लागू शकतो, नाहीतर घरी आल्यावर बोर्ड दिसतच नाही आणि मूल हिरमुसतं. त्याहीआधी टिंकरकॅडवर आर्डुइनोचं आणि मेककोडवर मायक्रोबिटचं सर्किट पडद्यावर चालवून बघता येतं, दोन्ही फुकट. महिनाभर मुलाने ते चालवलं तरच यादी घेऊन चिकपेटला उतरा.

कधी, किती दिवस

एप्रिल-मेच्या सुट्टीत आधी दोन आठवड्यांचं शिबिर करा, मग वर्षाचं ठरवा. सगळ्यात जास्त सवलती मार्च-एप्रिलमध्ये मिळतात, आणि सगळ्यात जास्त दबावही तेव्हाच येतो. आठवड्याला एक-दोन तास दिले तर दोन-तीन महिन्यांत मुलाने स्क्रॅचमध्ये स्वतःच्या डोक्यातला एखादा खेळ करायला हवा. पायथनला सहा महिने धरा. तोपर्यंत फक्त शिक्षकांनी दिलेलंच होत असेल, तर क्लास बदला किंवा थांबवा. प्रमाणपत्रांकडे बघू नका. कुठल्याही शाळेत प्रवेशाला ती उपयोगी पडत नाहीत. 'लेव्हल थ्री' म्हणजे काय, ते फक्त देणाऱ्या कंपनीला माहीत असतं.

पैसे अडकले तर

आधी ईमेल करा, व्हॉट्सॲपवर भांडण नको. ईमेलमध्ये भरलेली रक्कम, झालेले क्लास, उरलेले क्लास, परत मागितलेली रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत एवढंच लिहा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण कंपन्यांना तिथली नोंद नको असते.

नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत घटनेपासून दोन वर्षं. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरी बसून दाखल होते, वकील सक्तीचा नाही. लागणारी कागदपत्रं: फीची पावती किंवा बँकेची नोंद, अटींची प्रत (वेबसाइटवरच्या अटी पैसे भरता त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा, नंतर बदलतात), काउन्सेलरचे संदेश, हजेरीची नोंद, कर्ज असेल तर की फॅक्ट स्टेटमेंट, तुमची ईमेल आणि तिला आलेलं किंवा न आलेलं उत्तर, ओळखपत्र, शपथपत्र. खासगी क्लासविरुद्ध हा रस्ता चालतो. शाळेविरुद्ध मात्र इथे तक्रार टिकणं कठीण; त्यासाठी बोर्ड आणि शिक्षण खातं.

करारात 'वाद फक्त अमुक शहराच्या न्यायालयात' असं छापलेलं असतं. त्याने घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मधल्या काळात पुण्याला किंवा नाशिकला परत गेलात तर तिथल्या आयोगात दाखल करा. आणि बंगळुरूत आधीच दाखल झाली असेल, तर सुनावणी व्हिडिओवरून घ्यावी असा अर्ज पहिल्या तारखेआधी द्या.